बंधाऱ्याची उंची

प्रबंधाच्या बाइंडिंगसाठी दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे एक विद्यार्थिनी आणि तिच्या मार्गदर्शक बाई उभ्या होत्या.

“बाई, पुराच्या मॉडेलमध्ये माझी चूक झालीय.”

“आत्ता आठवलं? बाइंडिंगच्या दारात?”

“बंधाऱ्याची उंची मी तीन मीटर धरली. मोजणीच्या जुन्या वहीत तीन फूट आहे.”

“नीट बघितलंस?”

“चारदा. फूट धरले की पाणी बंधाऱ्यावरून जातं, खालची वस्ती बुडते.”

“अगं, तुझ्याच नकाशावरून धरणाच्या कार्यालयाने वस्ती न हलवायचं ठरवलंय! धरणाचं पाणी दोनला सोडणार आहेत.”

“तिथल्या माझ्या मावशीलाही मीच म्हटलं, घाबरू नकोस, घरातच थांब.”

“दीड वाजलाय. तू मावशीला फोन लाव, मी कार्यालयाला लावते.”

“ताई, नाव सोनेरी अक्षरांत टाकायचं ना?” दुकानदाराने विचारलं.

“बाई, मावशी उचलत नाहीये.”

“इथेही कुणी उचलत नाहीये. लावत राहा.”