मुकुंदवाडीच्या गोठ्यात अभ्यास दौरा कोंडल्याबाबत

नाव: पुंजाराम कडूबा दांडगे, आप्पा म्हणून ओळख. वय: अंदाजे शहात्तर; निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली जन्म, त्या धामधुमीत तारीख लिहून ठेवायला कोणाला फुरसत नव्हती. धंदा: पूर्वी मेंढरं व म्हशी, सध्या भाकरी केंद्राची राखण व विनामोबदला सल्ला. शिक्षण: शाळेत दुसरी, पुढचं दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून. राहणार: रेल्वे स्टेशनच्या मागं, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

सुरुवातीला मी ठाण्यातल्या सगळ्यांची खुशाली विचारली. ती लिहून घ्यावी असा माझा आग्रह आहे. फौजदारसाहेबांचं पित्त ज्वारी सुरू केल्यापासून आटोक्यात आहे. दाराशी बसणाऱ्या शिपाई आशाबाई यांच्या मुलाचा ताप काल उतरला. जबाब लिहून घेणारे हवालदार काकासाहेब यांची मान अजून धरलेली आहे, त्यांना मी मिठाचा शेक सांगितला. तक्रारदार नानासाहेब सरांचा घसा बसला आहे, तो कोंडल्यानं नव्हे, भाषणानं. कोंडले गेलेले एकतीस पाहुणे ठणठणीत आहेत. एकाला जळजळ झाली, ती चहा चुकल्यामुळं.

काकासाहेब म्हणाले, "आप्पा, हे जबाबात बसत नाय."

मी म्हणालो, "बसवा की. एकतीस पाहुणे एका गोठ्यात बसले." मग त्यांनी लिहिलं.

माझ्या जुन्या गोठ्याला लागून भूमाई महिला सहकारी भाकरी केंद्र आहे. चौदा बाया सभासद आहेत, दगडाबाई अध्यक्ष. त्यांच्या घरचा किराणा आणि लेकरांच्या फिया याच भाकरीवर चालतात. सगळ्यात मोठी ऑर्डर पुंडलिकनगरच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहाची, रोज दुपारच्या जेवणाची. तिथल्या अधीक्षक वच्छलाबाई वेळेच्या बाबतीत कडक आहेत. मुली कॉलेजातून भुकेल्या येतात, तेव्हा ताटात भाकरी पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांमागं आमच्या केंद्राला 'आदर्श' दर्जा मिळाला. तो देणारी संस्था म्हणजे नानासाहेब सरांचं सहयोगदीप सहकार शिक्षण, संशोधन व संपर्क केंद्र. सरकारी ऑर्डर टिकवायची तर हा दर्जा लागतो. दर्जा टिकवायचा तर अभ्यास दौरे येऊ द्यावे लागतात.

पहिला दौरा आला तेव्हा मी फेटा बांधला होता. केंद्र कसं निघालं ते मीच सांगितलं, आणि मला ते लई गोड वाटलं, हे कबूल आहे. पुढं आठवड्याला दोन दौरे यायला लागले. ते आमचा सत्कार करायचे, मग आम्ही त्यांचा करायचा, तोवर तवा निवायचा. थापलेली भाकरी हातावर तशीच धरून ठेवा, फोटो काढायचाय, असं सांगायचे. संशोधनाची एक मुलगी यायची, स्वभावानं गरीब. तिनं आमच्यातल्या भागूबाईला विचारलं, "मावशी, भाकरी थापताना तुम्हाला सक्षम वाटतं का? एक ते पाचमध्ये सांगा."

भागूबाई म्हणाली, "थापताना गरम वाटतं, माय."

गरम असा पर्याय तिच्या कागदावर नव्हता. तिनं तीन लिहिलं आणि रडकुंडीला आल्यागत पाहिलं. भागूबाईनं तिला भाकरी-ठेचा देऊन वाटेला लावलं.

एकदा वैजापूरहून बायांची एक संस्था आली. तुमचं काम काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी आमचं पण भाकरी केंद्रच व्हतं, आप्पा. आता आमी निस्तं अभ्यासाला हिंडतो. चुली मोडल्या." हे त्यांनी हसत सांगितलं. दगडाबाई हसली नाही. त्या रात्री ती जेवली नाही असं तिच्या सुनेनं सांगितलं, ते माझ्या कानावर आहे, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

दगडाबाईनं एकदा दौऱ्याला नाही म्हणून पाहिलं. सरांकडून पत्र आलं की, सहकारी संस्थेनं असहकार करणं खेदजनक असून दर्जाचा फेरविचार होईल. पुन्हा दौरे सुरू. त्यापायी वसतिगृहाच्या भाकरी दोन वेळा चुकल्या. दुसऱ्या वेळी वच्छलाबाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "दगडाबाई, मला तुमची भाकरी पायजे, तुमची कीर्ती नको. आणखी एकदा चुकलं तर पावाचा ठेका देते. मुलींना उपाशी नाही ठेवणार मी." यात त्यांची चूक नाही.

या महिन्याच्या बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी बस आली. एकतीस पाहुणे, सोबत नानासाहेब सर. कार्यक्रम माझ्या गोठ्यात होता. गोठा स्वच्छ आहे, खुर्च्या आहेत, पंखा आहे. भिंतीतले म्हशी बांधायचे खुंटे मात्र मी काढलेले नाहीत. दाराला कडी बाहेरून आहे, कारण आत पूर्वी म्हशी होत्या. एकतीस जणांना कोंडायचं म्हणून मी मुद्दाम बाहेरून कडी बसवली असं तक्रारीत आहे, ते खोटं आहे.

समई लावली, स्वागत झालं, प्रत्येकानं आपली ओळख सांगितली. मग सरांनी पिशवीतून लोकरीचा मोठा गुंडा काढला. मी मेंढरांतला माणूस, लोकर पाहून बरं वाटलं. हात लावला तर प्लास्टिकचा धागा. सर म्हणाले, हा जोडणीचा खेळ आहे. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. जोडणीकडून आपली अपेक्षा सांगायची, धागा बोटाला गुंडाळायचा आणि गुंडा समोरच्याकडं फेकायचा. असं जाळं तयार होतं. "आणि कोणीही धागा सोडायचा नाही! एकानं सोडला की चळवळ तुटली!"

चौदाही बायांना त्यात उभं केलं. पलीकडं पीठ काढून ठेवलेलं, आधण उकळून आटत चाललेलं. दगडाबाईनं डोळ्यानं मला विचारलं, मी मान खाली घातली. गुंडा तिच्याकडं आला. सरांनी विचारलं, "ताई, तुमची अपेक्षा?"

ती म्हणाली, "मला जाऊ द्यावं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी फळ्यावर 'गतिशीलता' असं लिहिलं.

मग सर पाठमोरे होऊन फळ्यावर जाळ्याची आकृती काढायला लागले. ती मोठी होती. पाहुण्यांनी माना खाली घालून ती उतरवून घ्यायला सुरुवात केली. भागूबाई माझ्याजवळच उभी होती. तिच्या बोटाचा धागा मी हळूच काढला आणि मागच्या खुंट्याला अडकवला. जाळं तुटलं नाही, उलट ताणून बसलं. भागूबाई पदर सावरत बाहेर गेली. मग दुसरी. मग तिसरी. खुंटे कमी पडले, तेव्हा एकेका खुंट्यावर दोन-दोन बायांचा धागा घेतला. शेवटी दगडाबाई निघाली. जाताना ती हळूच म्हणाली, "आप्पा, तुमी पण या नायतर तुमालाच गुंतवतील." मी बाहेर आलो.

एक पाहुणा मोबाईल घेऊन मागोमाग आला. "बाबा, भाकरीचं शूटिंग करू का?" मी त्याला प्रेमानं आत नेऊन सोडलं आणि कडी घातली. कडी मीच घातली. कोणाही बाईचा त्यात हात नाही, हे ठळक लिहावं.

दाराशी दगडावर बसून मी राखण केली. आतलं सगळं ऐकू येत होतं. सर म्हणाले, "स्थानिक महिलांचा धागा पाहा, किती भक्कम, किती अढळ! आपल्याकडचा मात्र सैल पडतोय."

कोणीतरी म्हणालं, "सर, पण महिला दिसत नाहीत."

मग सर म्हणाले, "नेतृत्व देऊन मागं सरणं, यालाच सक्षमीकरण म्हणतात." पुन्हा टाळ्या झाल्या. पुढं गटचर्चा झाली, तिचं सादरीकरण झालं, आभार झाले. तोवर पलीकडं चौदा जणींचे हात चालले होते. थापण्याचा आवाज असा लागला होता की जणू कौलांवर गारा पडाव्यात.

दार बंद असल्याचं पाहुण्यांच्या ध्यानात आलं ते चहाची वेळ टळल्यावर. मग दारावर थापा पडल्या. "आप्पा, दार उघडा!"

"उघडतो की. वसतिगृहाच्या भाकरीची रिक्षा भरू द्या."

"रिक्षाचा काय संबंध?" सर ओरडले.

"व्हय, तुमचा आणि भाकरीचा काय संबंध, तेच तर दोन वर्षं विचारतोय," मी म्हणालो. यात माझा आवाज चढला असेल तर माफी असावी.

त्यांनी फोन केला, पोलीस आले. काकासाहेबांनी परिस्थितीची पाहणी केली. पाहणीच्या वेळी त्यांच्या हातात काय होतं ते लिहू नका म्हणाले, म्हणून लिहून दिलेलं नाही. रिक्षा वळणावरून गेली, तेव्हा मी स्वतः कडी काढली. कोणाला इजा नाही, कोणाचं सामान गेलं नाही. भाकरी वेळेत पोचल्या. वच्छलाबाईंचा फोन दगडाबाईला आला. दोघी काय बोलल्या ते मला मालूम नाही. फोन ठेवल्यावर दगडाबाईनं दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं पीठ मोजायला घेतलं.

आज सकाळी याच ठाण्यात नानासाहेब सर मला भेटले. आता त्यांना तक्रार मागं घ्यायची आहे. म्हणाले, "आप्पा, मी रागात होतो. पण सहभागींचे अभिप्राय आले. बंद दाराआड चर्चा फार खोल झाली म्हणतात. आपण याचा नवा अभ्यासक्रमच करू. सोमवारी दुसरी तुकडी आणतो. कडी तुम्हीच घालायची, मानधनासह. फक्त या वेळी बायांना आत ठेवा."

मी विचारलं, "आणि तक्रार मागं नाही घेतली तर?"

सर म्हणाले, "मग अडचण होते हो. प्रकरण चालू असेपर्यंत आम्हाला तिथं दौरा नेता येत नाही. दर्जाही वर-खाली करता येत नाही. निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे."

मी त्यांना तीन वेळा विचारून खात्री केली. माणूस वाईट नाही. नियम त्यांना पाठ आहेत.

तरी माझं म्हणणं असं की, सरांना तक्रार मागं घेऊ देऊ नये. गुन्हा मला कबूल आहे, पण खटला अगदी लगेच निकाली निघेल इतका कबूल नाही. साक्षीदार एकतीस आहेत, ते तीन जिल्ह्यांत पसरलेले आहेत, एकेकाला सावकाश बोलवावं. दहा-पंधरा वर्षं लागतात असं ऐकलं आहे. माझी काही घाई नाही. तारखेला मी येत जाईन, डबा घेऊन येईन, साहेबांचाही आणीन.

फक्त एक विनंती. तक्रार कायम आहे, असं ठाण्याच्या शिक्क्यासह लेखी उत्तर मला लवकर धाडावं. सोमवार जवळ आला आहे, आणि पीठ किती काढायचं ते बायांना आजच सांगावं लागतं.

वर लिहिलेलं काकासाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आशाबाईंनीही ऐकलं. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, जास्त नाही, कमी नाही. अक्षर काकासाहेबांचं, बोलणं माझं. अंगठा देत नाही, सही करतो.

पुंजाराम कडूबा दांडगे

समक्ष: हवालदार काकासाहेब