बाण लावा म्हणे!

मला उद्धट म्हणायचं तर म्हणा, पण आधी ऐका. चेन्नईत एग्मोरच्या एका हॉटेलात छोट्या व्हिडिओ गेमवाल्यांचं प्रदर्शन होतं. मी आणि माझी मैत्रीण सेल्वी, आम्ही दोघींनी नोकऱ्या सोडून बनवलेल्या गेमचा डेमो तिथे सतरंजी अंथरून मांडला होता. तलवारी, राक्षस सगळं आहे, पण सुरुवात देवळात होते. दारात चपलांचा ढीग दिसतो. तुम्ही आपल्या न काढता आत शिरलात की पहारेकरी तुम्हाला ठार करतो. चेन्नईची पोरं न विचारता चपला काढून आत जात होती.

मग पुण्याचा एक नावाजलेला समीक्षक आला. त्याच्या शब्दावर आमचा गेम तरणार की बुडणार ते ठरणार होतं. गडी मेला, परत मेला, मरतच राहिला. शेवटी कंट्रोलर आपटून म्हणाला, "पहिलं इंप्रेशनच वाईट. इथे बाण लावा, पाटी लावा. न सांगता कोणाला कळणार?"

सेल्वी माझी ओढणी खेचत तमिळमधून कुजबुजली, "हो म्हण गं, लावू म्हण."

मी म्हटलं, "नाही लावणार."

"मग मी तसंच लिहीन."

"खुशाल लिहा. फक्त जाताना तुमचे बूट विसरू नका."

त्याने वळून पाहिलं. आमच्या सतरंजीच्या कडेला चपलांची रांग होती आणि रांगेत शेवटी त्याचे बूट, त्यानेच काढून ठेवलेले. पाटी तिथेही नव्हती.