नवव्या होलचं तळं

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, क्लबचे सभासद, आमच्या कचेरीतले सहकारी, आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, म्हणजे माझा दादा,

निवृत्तीच्या निरोपाला बहिणीनं रडायचं असतं म्हणे. पण मी इंजिनिअर, त्यात दादाच्याच हाताखाली; रडायला सवड कधी मिळाली?

आपल्यापैकी अनेकांनी त्याला गोल्फ खेळताना पाहिलंय. फटका असा मारायचा, की चेंडू कुठे गेला ते त्यालाच विचारावं लागे. आणि मग मोठ्या स्पर्धेची ती अंतिम फेरी. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर. नुसता ढकलायचा. दादा वाकला आणि त्याचे हात हलेचनात. हलले ते झटक्यानं. चेंडू भोकाला वळसा घालून निघून गेला. पुढचा सगळा मोसम तेच. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहेत. पेपरवाले म्हणाले, कच खाल्ली. दादानं खेळ सोडला आणि मैदानं आखायला बसला.

ती किती सुंदर आखली, हे पाहुण्यांनी सांगितलंच. राहिलेलं मी सांगते. अध्यक्षसाहेब, तेव्हा आपण सेक्रेटरी होता. परवानगी आहे ना?

गोष्ट या मैदानाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची. नवव्या होलजवळचं तळं, दादाची लाडकी जागा, काठोकाठ भरलं होतं. बांधाखाली माळीकामगारांची घरं. दुपारी दादानं मला तिथं बोलावलं. बांधाच्या पायथ्याचं गवत ओलं होतं.

"खालून पाणी सोडायचा पाइप गेलाय ना, त्याच्या कडेनं पाणी येतंय," तो म्हणाला.

मी माती चोळून पाहिली. "सकाळी फवारे चालू होते, त्याचंच असेल. नक्की नाही सांगता येत."

"मलाही नाही. हे बांधाला झालंय की मला, तेच कळत नाहीये."

तळं रिकामं करायचं म्हटल्यावर सेक्रेटरीसाहेब काकुळतीला आले. "अहो, उद्या पाहुण्यांना काय खड्डा दाखवू? परवा सोडू की पाणी!" मागून कुणीतरी पुटपुटलं, "पुन्हा कच खाल्ली."

दादानं ते ऐकलं. मान खाली घालून म्हणाला, "असेल. झडप उघडा. आणि घरं रिकामी करा."

माणसं मुलाबाळांसकट याच हॉलमध्ये आली, वैतागलेली. एक आजी कडाडल्या, "गॅसवरचं दूध टाकून आले मी!"

"चुकतही असेन, आजी," दादा म्हणाला. "पण आज इथंच थांबा."

उद्घाटन चिखलाच्या साक्षीनं झालं. फोटोवाले तोंड फिरवून गेले. मग आम्ही बांध खणला. पाइपच्या कडेची माती आतून वाहून गेली होती. त्या पोकळीत मी खांद्यांपर्यंत शिरले. वर नुसती गवताची साय उरली होती. 

उद्यापासून नकाशांवर त्याच्या जागी सह्या माझ्या. झोप उडालीय, खोटं कशाला बोलू? परवा त्याला विचारलं, "दादा, खरा धोका कोणता आणि मनाचे खेळ कोणते, हे ओळखायचं कसं?"

"मला तरी कुठे ओळखता आलं?" तो म्हणाला. "खाली माणसं राहतात, एवढं माहीत होतं."

मंडळी, मघापासून आवाज कापतोय, तो माइकचा दोष नाही. भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक पदरात घ्या. इतक्या आपुलकीनं ऐकलंत, मनापासून आभार.