कॅप्टनचा अर्ज

...आणि वर मानपत्रही मीच लिहायचं! सांगा, आहे का काही न्याय? ज्या हातानं घात केला त्याच हातानं फुलं वाहायची, तीही सीताबर्डीवरून छापून आणलेल्या जाड कागदावर, काचेच्या फ्रेमीत, कडेनं सोनेरी वेलबुट्टी! "शामला, तू शिकेल-सवरेल हायेस वं, तूच लिहून टाक," असं आमचे हे म्हणाले. हे म्हणजे विश्वनाथ, इंदोऱ्याच्या प्रभात फुटबॉल क्लबाचे सेक्रेटरी. आता शिकलेली आहे हे खरं. मॅट्रिक पास आहे, इंग्रजीत बासष्ट मार्क आहेत, आणि तुम्हाला सांगते, सगळा घोळ त्या बासष्ट मार्कांनीच केला. नाहीतर मी काय केलं हो? चोरी केली? कोणाची चहाडी केली? मी फक्त एक अर्ज लिहिला. एका पानाचा!

थांबा हं, आधी सुजूच्या तोंडात काय आहे ते बघू द्या... खडू आहे. खडूनं काही होत नाही ना? धंतोलीचे डॉक्टर मागच्या वेळी म्हणाले, "बाई, आता पोरीला काही झालं तरच आणा." म्हणजे काय? झाल्यावरच न्यायचं तर आधीची काळजी कोणी करायची?

तर अर्ज कवडूभाऊचा. कवडूभाऊ म्हणजे आमच्या प्रभातचा कॅप्टन, सेंटर हाफ, मिलमध्ये बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी गेटावर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर आत घेतील, नाहीतर घरी. आठ वर्षं हा माणूस गेटावर उभा राहिला आणि संध्याकाळी ग्राउंडात. गेटावर त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि ग्राउंडात त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं.

आमचं घर ग्राउंडाच्या अगदी काठावर. लग्न होऊन आले तेव्हा मला फुटबॉल म्हणजे पुरुषांचं धूळ उडवायचं निमित्त वाटायचं. मग सुजू झाली. सुजू जेवायची नाही. गाणी म्हटली, चिमण्या दाखवल्या, कावळे दाखवले, माझ्या सासूबाईंनी ताट वाजवलं... तोंड म्हणून उघडायची नाही! एका संध्याकाळी कंटाळून तिला कडेवर घेऊन ओट्यावर बसले, समोर मॅच चाललेली, आणि कवडूभाऊनं बॉल अडवला की हिनं 'आ' केलं. मी घास घातला. त्यानं पास दिला, हिनं गिळला. पुन्हा बॉल त्याच्याकडे, पुन्हा 'आ'! मॅचच्या दिवशी माझी पोरगी दोन वाट्या वरणभात खायची. तुम्हीच सांगा, मी फुटबॉलची झाले नसते तर काय झाले असते?

आणि खरं सांगू? नुसतं तिच्यासाठी नाही. मी अशी बाई आहे की दूध उतू गेलं तर घर जळेल वाटतं, पोरगी शिंकली तर न्यूमोनिया वाटतो, आणि काहीच झालं नाही तर आता काहीतरी होणार असं वाटतं. पण बॉल कवडूभाऊच्या पायात असला ना, की तो घाई करायचा नाही. चार जण अंगावर धावून येऊन राहिले, आमचे हे काठावरून ओरडून राहिले, "मार गा कवडू, मार!" आणि हा आपला बॉलवर पाय ठेवून उभा. मान वर करून बघतोय. कोण कुठे आहे, कोणाला द्यावा. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत, तुम्हाला सांगते, साऱ्या ग्राउंडात कोणाला भीती वाटायची नाही. मलासुद्धा! माझ्या आख्ख्या दिवसात बिनधास्त अशी तेवढीच वेळ.

आता हे मानपत्रात लिहिता येतं का? नाही येत. मानपत्रात 'आपण आमचे दीपस्तंभ' असं लिहावं लागतं. आमच्या इंदोऱ्यात समुद्र कुठे आहे, दीपस्तंभ कुठला, पण लिहावं लागतं.

त्यात माझ्यावर त्याचं एक ऋण. मागच्या साली लीगची सेमीफायनल, बरोबरीत चाललेली. मी भात कालवायला खाली बघितलं, एवढंच, आणि वर बघते तर कडेवर पोरगी नाही, ओट्यावर नाही... ग्राउंडात! चुन्याची रेघ ओलांडून आपली दुडूदुडू आत. समोरून कामठीचा तो रेड्यासारखा फॉरवर्ड सुसाट. कवडूभाऊच्या पायात बॉल होता. त्यानं तो तिथंच सोडला, तीन ढांगांत येऊन पोरगी उचलली, आणि रेड्यानं बॉल घेतला अन् गोल! रेफ्री बॉलकडे बघत होता, तो आपलं कामच करत होता. हरलो. सारं ग्राउंड माझ्याकडे वळून बघतंय, मला वाटलं धरती दुभंगावी, आणि हा माणूस सुजूला घेऊन ओट्यापाशी आला, हसून म्हणतो, "वहिनी, घ्या तुमची पोरगी. तेज हाय. लेफ्ट विंगले खेळवा तिले." बाकीचे चिडले तर त्यांना म्हणाला, "गोल तं उद्या फेडता येते गा."

असा माणूस जानेवारीत आमच्या दारात उभा. टोपी हातात, वर बघेना. ग्राउंडात चार जणांना न भिणारा माणूस माझ्यासमोर घाबरून राहिला! "वहिनी, एक काम होतं. विश्वनाथले नका सांगू. बिलासपूरले रेल्वेत खेळाडू घेऊन राहिले म्हणते. पक्की नोकरी. क्वार्टर. इंग्रजीत अर्ज पायजे."

मी म्हटलं, "भाऊ, मग प्रभातचं?"

त्यानं उजवा गुडघा दाबला नुसता. मग म्हणाला, "हा अजून तीनेक वर्सं चालन. मंग मले कोन घेईन, वहिनी? गेटावर तं मी म्हातारा होईतवर उभा राहू शकतो."

आता तुम्ही म्हणाल, लिहायचाच होता तर वाईट लिहायचा! आलं हो मनात, खोटं कशाला बोलू? दोन ठिकाणी शाई सांडायची, तारीख चुकवायची, 'कॅप्टन' हा शब्दच गाळायचा... कोणाला कळलं असतं? पण माझ्या बाबांनी मिलमध्ये रात्रपाळ्या करून मला शिकवलं ते काय यासाठी? एका माणसाची पक्की नोकरी अडवायला? बसले, आणि लिहिला. आणि असा लिहिला, असा लिहिला की काय सांगू! माझ्या लग्नात मी सजले नव्हते तेवढा तो अर्ज सजला. आठ वर्षं, एकोणीस ट्रॉफ्या, एकदाही मैदानाबाहेर काढलेला नाही, शिस्त, स्वभाव, सगळं. वाचताना माझेच डोळे भरून आले. म्हटलं, असा माणूस आपल्याकडे आहे? मग लक्षात आलं, आता नसणार.

पोस्टाच्या पेटीपाशी मी लिफाफा घेऊन पाव तास उभी होते. एका हातात लिफाफा, कडेवर सुजू. टाकू, नको टाकू, उद्या टाकू... पोरीनं माझ्या हातातून ओढला आणि दिला फटीत ढकलून! दोन वर्षांचं लेकरू! आता सांगा, मी टाकला का तो? मी फक्त एक अर्ज लिहिला.

मार्चमध्ये कवडूभाऊला नोकरी लागली आणि आमच्या घरात सुतक. हे दोन दिवस जेवले नाहीत. येरझारा घालत म्हणायचे, "कवडूले तं सहीबी धड येत नाही, अर्ज कोनं लिवला? मले फक्त नाव सांगा, कोन हाय थो दुश्मन?" आणि मी भाकरी थापत म्हणायची, "कोण जाणे बाई, असेल कोणीतरी." भाकरी जळायची.

पुढे ऐका गंमत. संशय गेला नत्थूजींवर. नत्थूजी म्हणजे कोर्टातले रिटायर कारकून, सारी वस्ती त्यांच्याकडूनच अर्ज लिहून घेते. हे तणतणत त्यांच्याकडे गेले, "नत्थूजी, तुम्हीच लिवला ना?" आता त्या माणसानं नाही म्हणावं की नाही? पण तोवर गावभर झालं होतं की रेल्वेच्या साहेबानं अर्जाची तारीफ केली. नत्थूजींनी मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "माह्याशिवाय असं इंग्लिश इकडे लिहिते कोन?" झालं! क्लबानं त्यांना शिव्या दिल्या आणि वस्तीनं मान. शिव्या चुकल्या म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता ना? पण नाही. मला राग आला! बासष्ट मार्क माझे, आणि मिशीवर हात त्यांचा! गुन्हा कबूल करायचं धैर्य नाही, आणि दुसऱ्यानं केला म्हटलं तर सहन होत नाही... अशी बाई पाहिली आहे तुम्ही कुठे?

तर निरोपसमारंभ. ग्राउंडातच बसायला तट्टे टाकलेले, कवडूभाऊ इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला, शेजारी त्याची बायको वच्छला डोळ्याला पदर लावून, आणि पहिल्या रांगेत नत्थूजी. मी मानपत्र वाचलं. 'दीपस्तंभ' म्हटलं, 'क्रीडाभूषण' म्हटलं, 'आपल्या जाण्याने निर्माण होणारी पोकळी' म्हटलं. टाळ्या पडल्या. आणि सगळा वेळ मनात एकच, की अगं, ते बॉलवर पाय ठेवून उभं राहणं सांग ना... ते राहूनच गेलं. अजून रुखरुख आहे.

मग कवडूभाऊ उठला. म्हणाला, "मले बोलता येत नाही. एकच सांगतो. रेल्वेच्या साहेबानं इचारलं, हा अर्ज कोनं लिवला? मी म्हटलं, आमच्या शामलावहिनीनं. साहेब म्हने, मी तुझा खेळ मंग पाह्यला, आधी अर्जच वाचून तुले घ्याचं ठरवलं होतं. वहिनी, जयभीम." आणि हात जोडले.

शांतता म्हणजे कशी? पेनल्टीच्या आधी असते तशी. नत्थूजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आमचे हे माझ्याकडे बघताहेत, आख्खा क्लब माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं... म्हणजे तोंडातून निघून गेलं, चारचौघांत, भर सभेत, "मी फक्त एक अर्ज लिहिला हो!"

घरी येईपर्यंत हे माझ्यापुढे दहा पावलं चालले. ओट्यावर बसून मात्र म्हणाले, "चांगला लिवला म्हंते." बस, एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी कवडूभाऊ गेला. रविवारी मॅच होती, सुजूला घेऊन बसले. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे, कोणी पाय ठेवून उभं राहीना, सगळे आपले घाबरल्यासारखे मारून राहिले. सुजूनं तोंड उघडलं नाही. मीही त्या दिवशी जेवले नाही.

आणि सोमवारी सकाळी दार वाजलं. लेफ्ट बॅक रुपराव. मला वाटलं, आता हा भांडणार. तर हातात शाळेचा दाखला! "वहिनी, भिलाईले प्लँटमध्ये घेऊन राहिले म्हणते, एक अर्ज..." मंगळवारी गोलकीपर. बुधवारी दोघं विंगर एकदमच आले, म्हणाले, एकसारखाच लिहा, आम्ही कुठंही सोबतच जातो. शनिवारपर्यंत सात झाले. नाही कोणाला म्हणू? सगळेच मिलच्या गेटावर उभे राहणारे. सातही लिहिले, सातही नीट लिहिले.

काल हे बोटं मोजत बसले होते. अकरातून कवडू गेला, सात जाण्याच्या बेतात. बराच वेळ मोजलं, मग हळूच म्हणाले, "शामला, उरले तीन, चौथा मी. कॅरमचा क्लब काढला तं?"

मी म्हटलं, काढा. पण कॅप्टन असा निवडा, ज्याला आपला अर्ज स्वतःच लिहिता येतो.