फुलबॅकची जागा

—अरे बस ना, असा उभा काय राहतोस, बस त्या गोणीवर, बॉलच आहेत आत. चहा घे. आणि चेहरा नको करूस असा — माहितीये मला पोरं काय म्हणतात ते. सरांनी किट-रूममध्ये एकट्याला बोलावून चहा पाजला की समजायचं, कटलो. म्हणू देत. सगळ्यांसमोर मैदानावर सांगण्यापेक्षा बरं की नाही? मागच्या वर्षी त्या गोलकीपरला सांगितलं, तर त्याने आधी मठरी संपवली, दुसरी मागितली, ती पण संपवली, आणि मग रडला. तू नाही रडायचास. तू आईवर गेलायस. तर — सांगून टाकतो, उगाच ताणत नाही — रविवारी तू नाहीयेस. अकरांत नाहीस आणि बेंचवरही नाहीस. फुलबॅकला राघव खेळेल. झालं. सांगितलं. घे, मठरी घे.

आता हे मी कोच म्हणून बोलतोय हां, चिन्मय. बाप म्हणून घरी बोलू — नाही, घरी नकोच, आई ऐकेल. इथेच बोलू जे काय ते. हे बघ, हे वरून आलंय. डिपार्टमेंटला आता हॉकीत यूथ पाहिजे. मीटिंगमध्ये दर दोन वाक्यांमागे यूथ. आपण सेकंड डिव्हिजनमध्ये किती वर्षं पडून आहोत? पोरं घ्यायची, स्टायपेंड द्यायचा, घडवायची, आणि घडली की मोठी टीम उचलून नेते — आपण पुन्हा नवीन पोरं शोधायची. नर्सरीच आहे यार आपली. आणि नर्सरीत मोठं झाड ठेवून काय करणार, त्याच्या सावलीत बाकीची रोपं वाढत नाहीत — हे माझं नाही, हे मीटिंगमध्ये बोलले कोणीतरी. मी मान हलवली. मान हलवायला काय जातंय?

खेळाचंच विचारशील तर राघव एकोणीसचा आहे. टर्फवरच वाढलाय. ओल्या टर्फवर तो जसा वळतो तसा तू चोवीसचा होतास तेव्हाही वळत नव्हतास, राग नको मानूस. पण तू मातीवर शिकलायस. माती कधी चेंडू सरळ देत नाही, म्हणून तुला थांबता येतं. राघवला थांबता येत नाही. चेंडू दिसला की धावला. मागच्या मॅचला तुझ्या पुढे हाफला होता तर दोनदा जागा सोडून गेला, दोन्ही वेळा मागे तू होतास म्हणून वाचलो. स्कोअरबोर्डवर हे दिसत नाही, बिल्कुल नाही, पण मी पाहिलं. पेनल्टी कॉर्नरला तर विचारूच नकोस. समोरचा फ्लिक मारायला वाकलाय आणि सगळ्यांच्या आधी त्याच्या अंगावर धावून जायचं — ते धाडस सगळ्यांकडे असतं पहिल्या वर्षी. पण नेमका कुठल्या रेषेत धावलं म्हणजे चेंडू आपल्या स्टिकला लागेल आणि आपल्या गुडघ्याला नाही, ते दहा वर्षं मार खाल्ल्यावर कळतं. तेव्हा खरं सांगू? रविवारी जिंकायचं असेल तर तू. दोन वर्षांनी जिंकायचं असेल तर तो. आणि रविवारी जिंकलो तरच फर्स्ट डिव्हिजन. हे मला कळत नाही असं वाटतं का तुला? सगळं कळतं. एवढी वर्षं दुसरं केलंय काय मी.

पूर्वी ना, कोणाला काढायचं म्हटलं की मला झोप लागायची नाही. आईला विचार. जेवायचो नाही. पोरांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटून यायचो, फरीदाबादला, सोनिपतला, कुठे कुठे. आता काही होत नाही. तुझं नाव कापलं, घरी गेलो, करोल बागेतून आईने सांगितलेलं साडीचं फॉल, ब्लाउजचं अस्तर काय ते घेतलं, आमटीभात जेवलो, टीव्ही बघितला. वाट बघत होतो काहीतरी होईल म्हणून. नाही झालं. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात बघ, गालाला हात लावला तर कोणा दुसऱ्याचाच गाल वाटतो — तसं. म्हटलं चलो, ठीक आहे, प्रोफेशनल झालो शेवटी.

तुझं काय वाईट होणार आहे? नोकरी पक्की आहे. सोमवारपासून पूर्ण दिवस सेक्शनला बसायचं, बस. आठ वर्षं हजेरी लावून दुपारी ग्राउंडवर पळालास, तिथल्या लोकांना तुझा चेहरा तरी आठवतो का? शिकशील. डिस्पॅचला टाकतील आधी, टपाल पाठवायला. देवयानीला बरंच वाटेल, संध्याकाळी वेळेवर घरी. मैत्रेयी — हां, तिला रविवारी आणणार होतास ना तू. आणलंस तरी चालेल. स्टँडमध्ये बसा. तिला काय कळतंय, बाबा मैदानात आहे की बाजूला — बरं, कळेल. सहा वर्षांची आहे, कळेल. सॉरी. मग नको आणूस.

अरे, शिव्या दे. मी तुला सांगतो, मी काही सहज नाही दिलं तुझं नाव. रेवती मॅडम तर म्हणाल्या, सर, चिन्मयला या मॅचपुरतं तरी ठेवा, मागे एक अनुभवी माणूस लागेल — त्या नव्या स्पोर्ट्स ऑफिसर असल्या तरी खेळ कळतो त्यांना, स्वतः खेळलेल्या आहेत —

काय?

नाही, म्हणजे — वरून आलंय ते धोरण. यूथ वगैरे. नाव वरून नाही आलं. नाव... नाव मी दिलं. बघू नकोस असा. ऐक तर. त्याच मीटिंगमध्ये माझं एक्स्टेंशन होतं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली मला, दर फेब्रुवारीला हेच, त्या लांब टेबलाच्या टोकाला बसायचं आणि आपल्याबद्दल बोलतात ते आपणच ऐकायचं. तर ते मोठे साहेब हसत हसत म्हणाले, "कोच साहब, आप खुद बासठ के, टीम में बेटा चौंतीस का, और यूथ कहाँ है?" सगळे हसले. मीही हसलो. वाईट माणूस नाही तो, गंमत करत होता. त्याला उत्तर नको होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "बेटे को तो मैं आज ही हटा रहा हूँ, सर." असं. हसता हसता. मग कोणीतरी टेबल वाजवलं, मग सगळ्यांनी वाजवलं. वाह कोच साहब, ऐसा होना चाहिए. रेवती मॅडमनी मग ते म्हटलं, या मॅचपुरतं ठेवा म्हणून, पण तोवर टेबल वाजलं होतं रे. मग कसं मागे घेणार? पाच मिनिटांत माझं वर्ष मंजूर. एकमताने. चहा आला, मी बिस्कीट घेतलं.

मी घरी बसून काय करू, चिन्मय? तू सांग. तुला डिस्पॅच तरी आहे. मला सकाळी उठून शिट्टी गळ्यात घालण्याशिवाय काही येत नाही. रविवारी हरण्याची मला भीती नाही वाटत, खरंच नाही, खूप हरलोय. घरी बसायची वाटते. आईसमोर दिवसभर बसायचं, ती म्हणणार पाय वर घ्या, पुसायचंय. तेवढी एक भीती राहिलीये, बाकी सगळं बधिर आहे. तुझ्या वयाला तुला नाही कळायचं — बघ, आत्ताच तुला म्हातारा म्हणून काढलं आणि आता वय काढतोय तुझं.

असो. एक काम करशील? तू नाही म्हणू शकतोस. राघव रविवारी पहिल्यांदा कॉर्नरला पुढे धावणार. ती रेषा त्याला जरा दाखव, आज-उद्या, अर्धा तास. माझं ऐकून त्याच्या डोक्यात शिरत नाही आणि —

येते त्याला? कशी येते?

तू शिकवलीस? केव्हा? रोज? प्रॅक्टिस संपल्यावर, पलीकडच्या गोलवर? मला वाटायचं तुम्ही दोघं तिकडे मोबाइल बघत बसता. म्हणजे दिवाळीपासून तू त्याला — पण कशाला? तुझीच जागा घेणार तो, हे तुला दिसत नव्हतं का?

रविवारनंतर? म्हणजे तू स्वतःच — ही शेवटची म्हणून खेळणार होतास? देवयानीला माहीत होतं. आईलाही? मग मला कोणी... रविवारी मॅच झाल्यावर सांगणार होतास. जिंकल्यावर. हां.

नाही, आता नाही होणार काही. रेवती मॅडमना फोन करून काय सांगू? टीम गेली वर. नावं गेली.

नाही रे, बरा आहे मी. काही झालेलं नाही. तू जा. तुझी बस जाईल. ग्लास राहू दे तिथे, मी उचलतो. आणि जाताना राघवला आत पाठव, त्याला सांगायचंय अजून.