खो दिल्याशिवाय उठायचं नाही

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ऐका. गुरूची आज्ञा मोडू नये, असं आम्ही सांगतो, तुम्ही माना डोलावता. पण आज्ञा देणारा गुरूच ती विसरून गेला तर? पाप कुणाच्या माथी?

बघा, लागले एकमेकांकडं बघायला!

कवठेवाडीच्या शाळेत धोंगडे सर खो-खो शिकवायचे. शिस्त म्हणाल तर एकदम कडक. आमचे गुरुजी आधी छडी मारायचे, चूक मागाहून शोधायचे – हे त्यातलेच! पण माणूस वाईट नव्हता बरं का. आपल्या घरची अंडी आणून पोरींना खाऊ घालायचा.

त्यांच्या संघात वैजयंता लवटे, वैजू. पाय असे, की पळताना जमिनीला लागतात का नाही, कळायचं नाही! पण जिल्ह्याच्या सामन्यात घात झाला. खो-खोत पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, उकिडवं बसायचं, मागून गड्यानं पाठीवर हात मारून "खो" म्हटलं की मगच उठायचं. वैजू खो मिळण्याआधीच उठली. फाऊल! समोरची पोरगी निसटली. सामना कसाबसा जिंकला, पण सर खवळले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर म्हणाले, "वैजे, बस पाटीवर. मी खो देईपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर राज्याच्या संघातून नाव गेलं म्हणून समज."

बसली बिचारी. चैत्रातलं ऊन, दुपार व्हायला आलेली. तेवढ्यात सरांना ऑफिसातून बोलावणं आलं. संस्थेचे अध्यक्ष आले होते. सर गेले. हार झाले, नारळ झाले, मग जेवण! आमच्याकडे सत्कार म्हटला की जेवण आलंच. अध्यक्ष भाषणात म्हणाले, "धोंगडे सरांच्या पोरी त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत." टाळ्या पडल्या. सर लाजून हसले.

आणि शब्द मोडू नये म्हणून ती पोर उन्हात बसलेली! टाळ्या ऐकूनही सरांना आठवण झाली नाही हो. वाईट माणसाच्या हातून घडलं असतं, तर मी ही गोष्ट सांगितलीही नसती.

तिची मैत्रीण कुसुम पाणी घेऊन आली. "वैजे, दोन घोट पी."

"नको. सर बघतील."

"सर तिकडं जेवायला बसलेत गं."

"मग येतीलच की आता."

कुसुमनं शेवटी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "खो. ऊठ आता."

वैजू म्हणाली, "तुझा नाही चालत. सरांचा पाहिजे."

कुसुम धावत ऑफिसाकडे गेली. दाराशी शिपाई. म्हणाला, "कार्यक्रम चालू आहे, मध्ये बोलायचं नाही." ही बाहेर उभी राहिली. शिस्तीची शाळा ना!

पुराणातला तो शिष्य गुरूच्या शब्दाखातर शेताच्या फुटलेल्या बांधात पाणी अडवायला आडवा पडला, हे आम्ही रंगवून सांगतो. पण संध्याकाळी त्याचा गुरू हाका मारत त्याला शोधायला निघाला – हे कुणी सांगतं का? त्या गोष्टीतला मोठेपणा तिथंच आहे, मंडळी.

सर सुपारी चघळत बाहेर आले. कुसुमला बघितलं आणि तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. धावले. वैजू पाटीवरच कलंडली होती. दोन्ही हात तसेच मातीला टेकलेले. अंग तापलेलं, श्वास नाही. सरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. कसंबसं म्हणाले, "खो."

आयुष्यात पहिल्यांदा ती पोर सरांच्या शब्दाला उठली नाही.

रडू नका. रडलं की आपल्याला वाटतं, आपण त्या सरांसारखे नाही. आपणही तेच आहोत! "नव्वद टक्के पडल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," म्हणून पोराला खोलीत बसवायचं आणि आपण लग्नाच्या पंगतीत त्याच्या हुशारीच्या गप्पा मारायच्या. पोरगं ऐकतं, याचा केवढा अभिमान आपल्याला! ते कशापायी ऐकतं, हे विचारलंय कधी?

आता घरी जाल. पोरं निजलेली असतील तर निजू द्या. सकाळी मात्र शेजारी बसा आणि विचारा, "बाळा, माझी भीती वाटते का तुला?"

ते लगेच "नाही" म्हणालं, तर उठू नका. बसून राहा.