येईल त्याची खुर्ची

हॅलो?… उचललास एकदाचा! पाचव्यांदा लावतेय… कुठे म्हणजे? बाहेर, अंगणात! खिडकीतून बघ की, सगळं प्रार्थनाघर बाहेर येऊन उभं आहे… हो, सगळे! आत राहिलात तू आणि तुझा तो फिटर.

ऐक आता. चिटणीसांचा निरोप आहे. मी मोठी बहीण ना, म्हणून हे झेंगट माझ्या गळ्यात! दहा मिनिटांत त्याला त्या खुर्चीवरून उठव, नाहीतर सभासदांच्या वहीतून तुझं नाव कायमचं कमी… हसतेस काय?

नाही, आधी तू ऐक! त्याने काय केलं ते ठाऊक आहे ना? बॉयलर फुटेल, बॉयलर फुटेल म्हणून गेला तपासनीसाकडे. कारखान्याला टाळं! दीडशे माणसं घरी बसली. तुझे भावजी चार महिने पेपरात तोंड खुपसून बसतात दिवसभर, आणि तू त्यालाच हाताला धरून आणतेस?… फुटला असता तर, फुटला असता तर! फुटला नाही ना? मग!

… हो, म्हणतो आपण. दर आठवड्याला प्रार्थनेत म्हणतो, 'येईल त्याला जागा'. अगं, म्हणायचं असतं ते! वीस वर्षं ती खुर्ची येणाऱ्यासाठी रिकामी ठेवलीय, बसलं कधी कोणी?… मला नको शिकवूस! ती खुर्ची पुसतं कोण? मी! रोज!… कोणी येणार म्हणून नाही, पुसायची असते म्हणून पुसते!

थांब हं… सांगतेय हो चिटणीस, जरा दम धरा.

हं, बोल… घाबरत नाहीस? मग आवाज का कापतोय?… भीती वाटते, पण उठवणार नाहीस. वा गं वा! लहानपणापासून अशीच. मार खाशील, पण ऐकायची नाहीस. आणि उद्यापासून तुझ्याकडे कपडे शिवायला कोण टाकणार? सगळी गिऱ्हाइकं इथलीच ना तुझी?… 'बघेल तो वरचा'? तो बघेल, आणि शिव्या मी खाईन!

… काय? आत दोघं नाही, तिघं? तिसरं कोण?… माझ्या सासूबाई? अरे देवा, आईंना बाहेर आणायचंच राहिलं! अगं, त्यांना ऐकू येत नाही, काही कळलंच नसेल. कोपऱ्यातच बसू दे, मी ह्यांना पाठवते आत… कोपऱ्यात नाहीत? त्याच्या शेजारी?… तू नेलंस?… आपणहून? त्या गुडघ्यांनी?

आणि बोलतायत काय त्याच्याशी?… मोठ्याने सांग, इथे गलका आहे नुसता.

… पुन्हा सांग.

… 'बस निवांत. खुर्ची स्वच्छ आहे. माझी सून रोज पुसते, तुझ्यासाठी.'… असं म्हणाल्या?

… आहे. आहे मी फोनवर.

नाही हो चिटणीस, नाही उठत तो. मला काय विचारता? तुम्हीच जा आणि सांगा आत!

ऐक गं… त्या खुर्चीचा मागचा डावा पाय हलतो. बसतच नव्हतं कोणी, म्हणून कधी दुरुस्त केला नाही. त्याला म्हणावं, भिंतीला टेकवून बस… त्याच्यासाठी नाही सांगत! पडला तर आईंच्या अंगावर पडेल, म्हणून. ठेव आता.